न दिसणारें गिऱ्हाईक

मनोरीची कोळीण मासळीची पाटी घेऊन होडीनें खाडी ओलांडी, मार्व्यास उतरे, आणि मालाडच्या बाजारांत किंवा ठरलेल्या घरांच्या दारांत जाऊन बसे. तिचा सारा व्यापार दृष्टीच्या टप्प्यांतला होता. कोणत्या घरीं सोमवारीं मासळी शिजत नाहीं, कोणाकडे पाहुणे उतरले आहेत, कोणती बाई भाव पाडल्याखेरीज वाटा उचलीत नाहीं आणि कोणती महिनाअखेरीस उधार मागते, हें तिला तोंडपाठ असे. मासळी ताजी आहे हें पटविण्यासाठीं तिला जाहिरातीची गरज नव्हती. कल्ला उचलून आंतला लाल रंग दाखविला कीं काम भागे. वलांडीवर वाळविलेले बोंबील खराब निघाले तर पुढच्या खेपेस त्याच दारांत चार शब्द ऐकून घ्यावे लागत. आणि ऐकून घेण्याची ही भीति हीच तिच्या मालाची हमी होती.

आज हाच व्यवहार निराळ्या रूपानें चालला आहे. मनोरी, गोराई, उत्तन या पट्ट्यांतील ईस्ट इंडियन घरांचा बाटली मसाला, कोळीवाड्यांतील सुकी मासळी, अंधेरी-मुलुंडच्या सदनिकांतून होणारे लाडू आणि चकल्या, असला घरगुती माल मोबाईलच्या पडद्यावर मांडला जातो आणि कधींहि डोळ्यांनीं न पाहिलेलें गिऱ्हाईक तो दूरच्या शहरांत बसून मागवितें. त्याला कल्ला उचलून पाहतां येत नाहीं. विकणारीला त्याचा चेहरा वाचतां येत नाहीं. असें लहानसें ऑनलाइन दुकान वाढवावें कसें, याविषयीं सल्ला देणाऱ्यांचा तुटवडा नाहीं. छायाचित्र चांगलें काढा, रोज कांहीं तरी लिहा, सणाला सवलत जाहीर करा, असें ते सांगतात. हा सल्ला वाईट नाहीं. परंतु तो जणूं कालच जन्मास आलेल्या प्रश्नाला उद्देशून दिलेला असतो. वस्तुतः न दिसणाऱ्या गिऱ्हाइकास माल विकण्याची विद्या गेलीं सुमारें दीडशें वर्षें या देशांत शिकली जात आहे, आणि ती शिकतांना महाराष्ट्रांतील कांहीं माणसांनीं जी फी भरली, तिचा हिशेब उपलब्ध आहे.

या विद्येची पहिली पाठशाळा म्हणजे पोस्ट खातें. १८५४ सालीं हिंदुस्थानांत, अंतर न पाहतां केवळ वजनावर, साध्या पत्रास अर्धा आणा असा एकसारखा दर झाला. १८७७ सालीं व्हॅल्यू पेएबल, म्हणजे ज्याला सर्व लोक व्ही. पी. म्हणून ओळखीत आले ती पद्धति सुरू झाली. १८७९ मध्यें पाव आण्याचें कार्ड निघालें आणि १८८० मध्यें मनिऑर्डरीचें काम पोस्टाकडे आलें. सव्वीस वर्षांत झालेल्या या चार गोष्टींनीं सामान्य दुकानदाराला गांवाच्या वेशीबाहेर नेलें. कार्डानें मागणी यावयाची, व्ही. पी. नें माल जावयाचा, आणि पोस्टमननें दारांत किंमत वसूल करून ती विकणाऱ्याकडे धाडावयाची, असा हा क्रम होता.

या व्यवस्थेचें मर्म असें कीं, तींत अविश्वासाचा भार दोघांत वांटला गेला. घेणाऱ्यास परक्या माणसाकडे आगाऊ पैसे पाठवावे लागत नसत. मात्र पार्सल फोडण्यापूर्वीं त्याला ते मोजावे लागत. विकणाऱ्याचा माल बुडत नसे. मात्र गिऱ्हाइकानें पार्सल नाकारलें तर जाण्याचा खर्च त्याच्या अंगावर पडे. आजच्या ऑनलाइन व्यापारांत माल हातीं पडल्यावर पैसे देण्याची जी सवड असते, ती या व्ही. पी. चीच नात म्हणावयास हरकत नाहीं. नाकारून परत आलेल्या पार्सलांनीं लहान दुकानदाराचा नफा खाऊन टाकावा, हें दुखणेंहि तिला आजीकडूनच मिळालें आहे.

तिकडे अमेरिकेंत, शिकागो येथें, मॉन्टगोमेरी वॉर्ड यानें १८७२ सालीं एका कागदावर मावेल एवढी मालाची यादी छापून शेतकऱ्यांना टपालानें विक्री करण्यास आरंभ केला. आणि १८७५ सालीं, माल पसंत न पडल्यास पैसे परत, असें वचन दिलें. हें वचन गिऱ्हाइकांना पटलें याचें कारण त्यांतील शब्दांची गोडी नव्हे. तें पाळतांना देणाऱ्याच्या खिशांतून पैसा जाणार, हें वाचणाऱ्यास उघड दिसत होतें.

इकडे मराठी मुलखांत या विद्येचा सर्वांत बोधप्रद धडा घालून दिला तो किर्लोस्करांनीं. लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेहि त्याच गांवचे. म्हणजे हें आडनांव लोखंडावर उमटण्याच्या कितीतरी आधीं नाटकांच्या जाहिरातींवर उमटून गेलें होतें. लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें चित्रकला शिकावयास गेले. परंतु रंग ओळखण्यांत त्यांच्या दृष्टींत दोष निघाला, म्हणून रंगांची वाट सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. बेळगांवास त्यांचे बंधु रामूअण्णा असत. १८८८ सालीं या बंधूंनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली पाठवाव्या, रामूअण्णांनीं त्या विकाव्या आणि घेणाऱ्यास वर बसावयास शिकवावें, अशी कामाची वांटणी होती.

शिकविण्याची ही गोष्ट बारीक दिसते, पण पुढच्या साऱ्या इतिहासाचें बीज तिच्यांत आहे. त्या काळीं दोन चाकांवर माणूस तोल सांभाळून चालतो, हेंच बेळगांवच्या रस्त्यावर नवल होतें. सायकल विकावयाची म्हणजे अगोदर पडण्याची भीति घालवावयाची; आणि ही भीति भाव उतरवून जात नसते.

नोकरींतील बढती हुकल्यावर लक्ष्मणराव मुंबई सोडून बेळगांवास आले आणि कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करूं लागले. नांगर चांगला होता. परंतु तो खपेना. लोखंडानें जमिनींत विष भिनतें, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षें लागलीं, असें या उद्योगाच्या इतिहासांत नमूद आहे. तयार माल छपराखालीं पडून आहे, त्यांत गुंतलेला पैसा मोकळा होत नाहीं, आणि मजुरी तर द्यावयाचीच आहे, ही स्थिति दोन वर्षें सोसणें म्हणजे काय, तें ज्यानें स्वतःच्या पुंजीवर धंदा केला असेल त्यालाच उमगेल.

या ठिकाणीं शेतकऱ्याला हंसण्याची एक रीत पडून गेली आहे. ती न्यायाची नाहीं. ज्याचें वर्षाचें अन्न एका नांगरटीवर अवलंबून, त्यानें परक्या माणसानें केलेल्या परक्या धातूच्या औतावर आपलें वर्ष कां लावावें? कारखानदाराचा नांगर वाया गेला तर एक नांगर गेला. शेतकऱ्याचा हंगाम वाया गेला तर घर गेलें. गिऱ्हाइकाची भीति खोट्या समजुतींतून बोलत असली तरी तिच्या मुळाशीं खरा धोका असतो, आणि तो धोका ओळखल्यावांचून विक्रीची कोणतीहि युक्ति चालत नाहीं.

अशांतच बेळगांव नगरपालिकेला उपनगर वसविण्यासाठीं जागा हवी झाली आणि कारखान्याला तेथून उठावें लागलें. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचें कर्ज देऊं केलें. निवडुंग आणि साप यांनीं भरलेल्या त्या माळावर १९१० च्या मार्च महिन्यांत किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. आज हें गांव सांगली जिल्ह्यांत मोडतें. जागा स्वस्त होती, पण बाजार दूर होता. बेळगांवांत निदान येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस कारखाना पडे. येथें गिऱ्हाईक म्हणून दिसेल असा माणूस आसपास नव्हता.

या माळावरून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ नांवाचें एक नियतकालिक निघूं लागलें. त्याचे संपादक शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे लक्ष्मणरावांचे पुतणे. हे गृहस्थ मूळचे चित्रकार. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकांना व हितचिंतकांना कळवावी, एवढाच या खबरीचा मूळ हेतु. तिला कारखान्याचें घरचें पत्र म्हणणेंच योग्य. अमेरिकेंतील जॉन डिअर या नांगर करणाऱ्या कंपनीनें १८९५ पासून ‘द फरो’, म्हणजे नांगराचा ‘तास’, या नांवाचें शेतकऱ्यांसाठीं नियतकालिक चालविलें होतें. दोन्हीकडे धंदा नांगराचाच असावा, हा योगायोग अगदींच निरर्थक नाहीं. जो माल घेण्यापूर्वीं गिऱ्हाइकाला आपली जुनी समजूत टाकावी लागते, त्या मालाची चार ओळींची जाहिरात करून भागत नाहीं. त्याच्याशीं महिनोन् महिने बोलत राहावें लागतें.

शंकररावांचें खरें चातुर्य पुढेंच आहे. केवळ आपल्या यंत्रांची स्तुति छापली तर पत्र रद्दींत जाईल, हें त्यांनीं ओळखलें. हळूहळू ‘खबरी’त उद्योग, विज्ञान, आरोग्य, समाजसुधारणा यांवरील लेख येऊं लागले, कथा आल्या, चित्रें आलीं. १९२९ सालीं ‘खबर’ हा शब्द गळून नुसतें ‘किर्लोस्कर’ हें नांव राहिलें. १९३० मध्यें त्याच माळावरून ‘स्त्री’ आणि १९३४ मध्यें ‘मनोहर’ हीं भावंडें निघालीं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे लेख ‘किर्लोस्कर’मध्यें आले, आणि त्यांवरून घरोघर कडाक्याचे वाद झाले. पुण्या-मुंबईच्या ज्या कुटुंबांना औताचा दांडा कोणत्या हातानें धरावा हें ठाऊक नव्हतें, त्या कुटुंबांत एका नांगराच्या कारखान्याचें नांव दरमहा आदरानें उच्चारलें जाऊं लागलें.

मग यांत धंद्याचा फायदा कोणता, असें कोणी विचारील. ‘स्त्री’ वाचणारी गृहिणी कांहीं चरक विकत घेणार नव्हती. केवळ मासिकामुळें यंत्रें खपलीं असें म्हणणें धाडसाचें होईल. यंत्रें खपलीं तीं चांगलीं होतीं म्हणून. परंतु १९४६ सालीं पुण्यांत तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा आणि बंगलोरांत विजेच्या मोटारींचा, असे दोन नवे किर्लोस्कर उद्योग उभे राहिले, तेव्हां त्यांना आपण कोण हें सांगत बसावें लागलें नाहीं. पंचवीस वर्षें मासिकानें जें पेरलें होतें त्याचा तो एक वांटा होता. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ‘खबरी’नें वाचकास जें दिलें तें कामाचें होतें, आणि तें माल घेतला नाहीं तरी मिळत होतें. आजचे विक्रेते रोज कांहीं तरी लिहितात खरे, परंतु त्यांतील बहुतेक लिखाण ‘घ्या, घ्या’ या एका क्रियापदाचीं रूपें चालविण्यांत खर्च होतें.

मासिकाचा दुसरा लाभ कोरडा, पण फार मोलाचा होता. प्रत्येक वर्गणीदाराचें नांव आणि पत्ता कार्यालयाच्या वहींत असावयाचाच. ही वही कारखान्याच्या मालकीची. आज मनोरीच्या मसाल्याचें गिऱ्हाईक कोणाच्या वहींत आहे? बहुधा तें मसाला करणारीच्या वहींत नसून, ज्या कंपनीच्या पडद्यावर तो मांडला त्या कंपनीच्या वहींत आहे. कंपनीनें नियम बदलला, दलाली वाढविली, किंवा कालपर्यंत पहिल्या रांगेंत दिसणारा माल दहाव्या रांगेंत ढकलला, तर विकणारीला आपल्याच जुन्या गिऱ्हाइकाला हाक मारण्याची सोय उरत नाहीं. पोस्ट खातें सरकारी होतें, सुस्त होतें, त्याच्याविषयीं तक्रारी पुष्कळ होत्या; परंतु त्यानें सर्वांकडून सारखाच आणा घेतला. जो जास्त पैसे देईल त्याचें कार्ड आधीं वांचलें जाईल, असा नियम पोस्टांत नव्हता. पडद्यावरच्या बाजारांत तो आहे, आणि त्याला जाहिरात असेंच नांव आहे. तेव्हां पहिली मागणी दुसऱ्याच्या बाजारांतून आली तरी दुसरी आपल्याकडे थेट यावी, एवढी तजवीज लहान विक्रेत्यानें पहिल्या दिवसापासून केली पाहिजे. पार्सलांत आपल्या नांवाची चिठ्ठी असावी. गिऱ्हाइकाच्या संमतीनें त्याचा नंबर टिपून ठेवावा. मागच्या वेळीं त्यानें काय नेलें, तिखट कमी मागितलें होतें कीं अधिक, याचीहि नोंद असावी. पाटी घेऊन दारांत बसणाऱ्या कोळिणीला हें सारें लिहावें लागत नव्हतें एवढाच काय तो फरक.

नांवाचा प्रश्नहि येथेंच उरकून घेणें बरें. कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्याच आश्रयानें, ओगले बंधूंनीं कांचेचा कारखाना उभारला. तेथून निघालेल्या कंदिलाला त्यांनीं ‘प्रभाकर’ हें नांव दिलें. उच्चारावयास सोपें, अर्थानें उजेडाचें, आणि दुसऱ्या कोणाचें नव्हे. खेड्यांतल्या माणसाला दुकानांत जाऊन मागतां येईल असें. याच्या उलट अनुभव मुंबईच्या उपनगरांतला आहे. विलेपार्ल्यास १९२९ सालीं गोळ्या-मिठाईचा एक लहानसा कारखाना निघाला आणि त्यानें गांवाचेंच नांव घेतलें. १९३९ पासून तेथें बिस्किटें होऊं लागलीं. त्यांना ‘ग्लुको’ म्हणत. तीं लोकप्रिय झालीं, आणि मग ग्लुकोज बिस्किटें करणारे इतर कारखानेहि निघाले. ग्लुकोज हें तर वस्तूचें वर्णन. त्यावर मालकी कोण सांगणार? अखेर १९८२ सालीं त्या बिस्किटाचें नांव ‘पार्ले-जी’ करावें लागलें. पार्ल्याच्या त्या जुन्या कारखान्यांतील भट्ट्या २०१६ सालीं थंडावल्या, पण नांव चालू आहे. ‘घरगुती मसाले’, ‘शुद्ध चव’ असलीं नांवें आपल्या मालाला देणाऱ्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी.

न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाशीं व्यवहार म्हटला कीं लबाडीलाहि मोकळें रान मिळतें. जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळल्या तर शक्तिवर्धक गोळ्या, सर्व रोगांवर एकच रामबाण अर्क, आणि अंगठी घालतांच भाग्य उघडेल असल्या जाहिरातींनीं स्तंभच्या स्तंभ भरलेले आढळतात. व्ही. पी. सोडविल्यावर बाटलींत काय निघालें याची दाद मागावयाची तर कोणाकडे? या प्रकारास आळा घालण्यासाठीं १९५४ सालीं औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तोपर्यंत या लबाडांनीं प्रामाणिक विक्रेत्यांचेंच अधिक नुकसान केलें, कारण फसलेला माणूस एका दुकानावर नव्हे, तर साऱ्या व्ही. पी. वरच रागावतो. आज खोटे अभिप्राय आणि विकत घेतलेल्या चांदण्या यांचा जो सुळसुळाट आहे, तो याच कुळांतला.

आतां ज्यांच्यापाशीं मासिक काढण्याइतका पैसा नाहीं, जाहिरातीला तर नाहींच, त्यांनीं काय करावें? या प्रश्नाचें उत्तर गिरगांवांतल्या सात स्त्रियांनीं दिलें आहे. १९५९ च्या मार्च महिन्याची १५ तारीख. लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा शेजारणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल ऐंशीं रुपये, आणि तेंहि उसनें. पहिल्या दिवसाचें उत्पन्न पापडांचीं चार पाकिटें. तीं त्यांनीं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे नेऊन दिलीं. तुटके पापड शेजारीं वांटून टाकले. पावसाळा आला तसें वाळवण अशक्य झालें आणि चार महिने काम बंद ठेवावें लागलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखालीं, आणि पावसांतहि वाळवण सुरू. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली.

आरंभीं या स्त्रिया दोन प्रतींचे पापड करीत असत. हलक्या प्रतीचा माल स्वस्तांत विकावा, म्हणजे खप वाढेल, असा त्यांचा हिशेब. कोणत्याहि लहान धंद्याला सुचणारी ही पहिली युक्ति आहे. समाजसेवक छगनलाल करमशी पारेख, ज्यांना लोक छगनबाप्पा म्हणत, त्यांनीं ती मोडून काढली. पापड एकाच प्रतीचा करा, ती प्रत कधींहि उतरूं देऊं नका, आणि हें काम धंदा म्हणून करा, हिशेबाच्या वह्या नीट ठेवा, असें त्यांनीं बजावलें. कोणाकडून देणगी घ्यावयाची नाहीं, तोटा आला तरी हात पसरावयाचा नाहीं, असा निश्चय बायकांनीं आपण होऊन केला होता. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे अर्थ उलगडतो. दयेपोटीं घेतलेला पापड माणूस एकदां घेतो; चवीसाठीं घेतलेला पुनः पुनः घेतो. घरगुती उद्योगाच्या नांवावर गहिंवर आणून माल खपविणाऱ्या संस्था पुष्कळ झाल्या, त्यांतील किती टिकल्या हें सर्वांस ठाऊक आहे.

पहिल्या तीन महिन्यांतच सातांच्या पंचवीस झाल्या, आणि तिसऱ्या वर्षीं तीनशेंच्या वर गेल्या. एवढ्या बायकांना गच्ची पुरेना. तेव्हां मळलेलें पीठ घरीं न्यावें, लाटून आणावें, आणि वजन व तपासणी करून मजुरी घ्यावी, अशी पद्धति बसली. येथेंच खरी परीक्षा होती. शेंकडों घरें, शेंकडों पोळपाट, निरनिराळे हात; आणि पाकीट उघडणाऱ्याला मात्र दरवेळीं तीच चव, तीच जाडी मिळाली पाहिजे. म्हणून लाटणें घरोघर गेलें, पण पीठ मळण्याचें काम घरोघर गेलें नाहीं. उडीद, हिंग, मिरीं यांची खरेदी आणि पिठाचें प्रमाण संस्थेच्या हातीं राहिलें. न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाला विकणारणीचा चेहरा ठाऊक नसतो; त्याची ओळख पाकिटाशीं असते, आणि एका पाकिटानें दगा दिला कीं ती ओळख मोडते. १९६२ सालीं मालाला नांव हवें म्हणून स्पर्धा ठेवली गेली. बक्षीस पांच रुपये. त्यांतून ‘लिज्जत’ हा गुजराथींतला चवीचा वाचक शब्द निवडला गेला. १९६६ सालीं संस्थेची रीतसर नोंदणी झाली, आणि त्याच वर्षीं खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली.

या यशाच्या हकीकतींत एक ओळ सहसा वगळली जाते. १९६१ सालीं, म्हणजे गिरगांवांत काम जोरांत असतांना, मालाड येथें शाखा काढण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. मनोरीची होडी सोडून मार्व्याला उतरलें कीं जें पहिलें मोठें स्टेशन लागतें, तेंच हें मालाड. माल तोच होता, शहर तेंच होतें, कीर्ति पसरत होती; तरी शाखा रुजली नाहीं. गिरगांवांत एकमेकींच्या माडींत राहणाऱ्या बायकांच्या ओळखीवर जें उभें राहिलें, तें आगगाडीनें उचलून दुसरीकडे नेतां येत नाहीं, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो. धंदा वाढविणें म्हणजे आहे त्याच्या दुप्पट करणें नव्हे. नव्या ठिकाणीं तो पुनः पहिल्यापासून उभारावा लागतो. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजराथेंतील वालोड येथें १९६८ सालीं निघाली, ती मात्र टिकली. मधल्या सात वर्षांत संस्थेनें घाई केली नाहीं, हा तिच्या चालकांचा मोठा गुण समजला पाहिजे.

इतकीं वर्षें लिज्जतची प्रसिद्धि चालली ती तोंडोतोंडीं आणि देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या लेखांतून. दूरचित्रवाणीवर रामदास पाध्ये यांचा बोलका ससा कुरकुरीत पापड खाऊं लागला तो १९८० नंतरच्या दशकांत. जाहिरातीवर खर्च करण्याजोगा पैसा हातीं आला तेव्हां संस्थेस वीसांहून अधिक वर्षें झालीं होतीं. आज चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया तिच्या सभासद आहेत. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. पापड अजूनहि घरोघर लाटले जातात, आणि पीठ मळण्याचें काम संस्थेनें अजूनहि आपल्या हातांतून जाऊं दिलेलें नाहीं.